आतड्याची मूठ

ज्या आईला आज डॉक्टरांनी ‘हर्शस्प्रंग’ हा शब्द सांगितला असेल आणि तिला तो धड उच्चारताही आला नसेल, तिच्यासाठी मी हे लिहितेय. मलाही आला नव्हता. वॉर्डात सगळे नुसतं ‘एचडी’ म्हणतात, आपणही तेच म्हणायचं. माझा मुलगा आज कसा आहे, ते मी इथे सांगणार नाही. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढचं काही माहीत नसताना रोज सकाळी उठून कामाला लागायचं, हेच या दुखण्यातलं सगळ्यात कठीण काम आहे.

डॉक्टरी पुस्तकातलं मला फारसं कळत नाही. मी पतपेढीच्या काउंटरवर बसणारी बाई. बोलते मात्र भरपूर. शीबद्दल बोलायची ज्यांना लाज वाटते त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळा तोच विषय आहे.

देठ

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी आणि माझा नवरा अजित विरारला नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहत होतो. त्याचं मूळ घर नंदाखालला. नारळ-केळीची वाडी, विहीर, आणि विहिरीशेजारी पांगाऱ्यावर चढवलेली पानवेल. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्याच तिथे राहत होत्या.

माझं माहेर चिपळूणचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझी आई त्याआधीच गेली होती. सासूबाई म्हणाल्या, “आई नाही म्हनून काय झालं? मी आहे ना!” घरात त्या त्यांच्या वाडीची बोली बोलत. ती मला लिहायला जमणार नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते, फक्त त्यांचा ‘न’ तेवढा ठेवते. त्यांनी माझं जे केलं ते माझ्या आईनेही यापेक्षा जास्त केलं नसतं. हे मी मुद्दाम आधी सांगते.

ओंकार विरारच्या एका प्रसूतिगृहात झाला. गोरापान, जावळ भरपूर. पहिल्या दिवशी त्याला शी झाली नाही. दुसऱ्या दिवशी दूध ओकू लागला, पोट टम्म. नर्स येऊन विचारून गेली, “बाळाला शी झाली का?” सासूबाईंनी पिशवीतून विड्याचं पान काढलं, देठ खुडला, एरंडेलात बुडवला आणि हलक्या हाताने त्याला लावला. क्षणात भसकन वारा सरला आणि काळी शी झाली. पोरगं शांत झोपलं. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नर्स परत आली तेव्हा मी अभिमानाने म्हटलं, “झाली!”

झाली नव्हती, काढली होती. पण हा फरक तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

प्रसूतिगृहातून मी ओंकारला घेऊन नंदाखालला गेले. तिथेही तेच चाललं. दोन-तीन दिवस ओंकारला शी व्हायची नाही, पोट फुगायचं, तो कण्हायचा. मग सासूबाई विहिरीकडे जाऊन पान तोडून आणायच्या. देठ लावला की मोकळा! आजूबाजूच्या बायका म्हणत, “मावशीच्या हाताला गुन आहे.” एखाद-दुसरं सोडलं तर त्या आळीतलं प्रत्येक पोर देठावरच वाढलेलं. बाळांना शीला त्रास होतो, देठ लावला की होते, यात सांगण्यासारखं काय आहे, असंच सगळ्यांना वाटायचं. डॉक्टरांकडे डोस द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “शी व्यवस्थित?” मी म्हटलं, “हो.” ते वजनाचं बोलले, वरचं दूध देऊ नका म्हणाले. देठाचा विषय निघालाच नाही.

तो दिवस

अडीच महिन्यांचा असताना एके सकाळी देठाने काही झालं नाही. दुपारी पुन्हा लावला, तरी नाही. पोट इतकं ताणलं होतं की कातडी चकाकत होती, वर निळ्या शिरा दिसत होत्या. मग त्याने उलटी केली. हिरवीगार. सासूबाई ते बघून मटकन खाली बसल्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

वसईच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. “इथे वेळ घालवू नका. मुंबईला न्या. आत्ता.” शेजाऱ्यांच्या मारुती व्हॅनमधून आम्ही निघालो. अजित पुढे बसला होता आणि सारखा मागे वळून विचारत होता, “श्वास घेतोय ना?” मी चिडून म्हटलं, “पुढे बघ रे! घेतोय!” खरं तर मला कळत नव्हतं.

ते मोठं सरकारी इस्पितळ होतं. तिथे एका तरुण डॉक्टरबाईने ओंकारच्या गुदद्वारात रबराची नळी घातली. भसकन सगळं बाहेर आलं, तिच्या एप्रनवर, माझ्या साडीवर. ती दचकलीसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. हिला कळलंय, असं मला वाटलं.

मग फोटो काढले, पांढरं औषध आत सोडून पुन्हा काढले, आतड्याचा कणभर तुकडा तपासायला गेला. मोठे सर्जन वरांड्यात उभ्यानेच बोलले. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मापासूनच मज्जापेशी नाहीत. तो भाग काम करणार नाही. आधी पोटावर भोक पाडून शी तिथून काढायची. वर्षभराने मोठी शस्त्रक्रिया. त्यानंतर भोक बंद.

“आणि मग तो नेहमीसारखा?” मी विचारलं.

“बघू या,” ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, म्हणून मी त्यांना आजही मानते. पण त्या क्षणी त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

निरोप देणारा वायू

नळी घालणाऱ्या त्या डॉक्टरांचं नाव मीनल. शिकाऊ होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांना तेल नाही. पण त्या बसून बोलायच्या. आमच्या वॉर्डात कोणी बसून बोललं की निम्मं दुखणं कमी व्हायचं.

मी विचारलं, “पेशी नाहीत म्हणजे नेमकं काय नाही?”

त्यांनी स्वतःची मूठ आवळून दाखवली. म्हणाल्या, “आतडं नुसता जोर लावून पुढे ढकलत नाही. पुढचा भाग सैल पडतो, म्हणून मागचं पुढे सरकतं. सैल पड, हा निरोप त्या पेशी देतात. एका वायूने. नायट्रिक ऑक्साइड. क्षणभर तयार होतो, निरोप पोचवतो आणि विरून जातो. ओंकारच्या शेवटच्या भागात निरोप देणारंच कोणी नाही. म्हणून ते आतडं मूठ आवळून बसलंय.”

“मग तो वायू द्या ना सलाईनमधून!” मी म्हटलं.

त्या हसल्या, पण मला हसल्या नाहीत. “जगभर लोक त्याच्या मागे आहेत. माझ्या प्रबंधाचा विषयही जवळपास तोच आहे. पण नेमका तिथे, नेमका त्या वेळी तो वायू पोचवायचा कसा, ते अजून कुणाला जमलेलं नाही. आज तरी आमच्याकडे सुरीच आहे. आवळलेला तुकडा काढायचा, चांगलं आतडं खाली ओढून जोडायचं.”

मग मी त्यांना देठाचं सांगितलं. वाटलं, आता फाडफाड बोलणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“किती दिवसांनी लावायच्या?”

“दोन-तीन.”

“आम्ही नळी घालतो त्याने जे होतं, तेच त्याने होत होतं,” त्या हळू म्हणाल्या. “पोट मोकळं होत राहिलं म्हणून हा इथवर आला. आणि मोकळं होत होतं म्हणूनच कुणी संशय घेतला नाही. दोन्ही खरं आहे.” आणि लगेच बोट दाखवून म्हणाल्या, “आता मात्र घरी असलं काही करायचं नाही हं. आतड्याला इजा होते.”

पानवेल

मी हे जसंच्या तसं अजितला सांगितलं. त्याने निम्मंच ऐकलं. कुणी संशय घेतला नाही, एवढंच.

ओंकारच्या पोटावर भोक पडलं, त्यानंतरच्या रविवारी तो एकटा नंदाखालला गेला. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. तो म्हणाला, “आई, तुला कोणी सांगितलं होतं तुझं शहाणपण? पोर मेलं असतं.” सासूबाई म्हणाल्या, “तुला पन असाच लावायचे रे.” हा म्हणाला, “मी नशिबाने वाचलो असेन.” मग कोयता घेऊन विहिरीजवळ गेला आणि त्याने पानवेल बुडातून छाटली. वडिलांनी लावलेली वेल. निघताना सांगून आला, “तू इस्पितळात यायचं नाहीस. पोराला हात लावायचा नाहीस.”

मी खूप भांडले त्याच्याशी. म्हटलं, “अरे, त्यांच्यामुळे तो जगला, डॉक्टर स्वतः म्हणाल्या!” तो म्हणाला, “तू तिचीच बाजू घे.” मी नंदाखालला फोन केला. सासूबाईंकडे फोन नव्हता, शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे होता. त्या बोलवून आणायच्या. मी सासूबाईंना मीनल डॉक्टरांचं दोन्ही सांगितलं. त्यांनीही निम्मंच ऐकलं, तेच निम्मं. “माझ्यामुळे उशीर झाला ना गं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माझ्या घरात तेव्हा तीन माणसं होती आणि तिघांचंही काहीतरी आतून आवळलेलं. अजित कामावरून यायचा, जेवायचा आणि लगेच अंथरुणावर पडायचा. मला तर भांडायलाही कोणी उरलं नव्हतं, आणि न भांडता मी राहिलेय कधी?

मात्र आठवड्याला एक गाठोडं यायचं. नंदाखालहून कुणी विरारला येणार असलं की त्याच्या हाती. त्यात सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांचे चौकोनी तुकडे, धुतलेले, कडा दुमडून शिवलेले. वापरून मऊ झालेलं कापड. निरोप काही नाही. मी ते वापरत होते, अजितला दिसत होतं, तो अडवत नव्हता.

वॉर्डातल्या सकाळी

त्या कापडांचं काम काय, ते सांगायला हवं. तान्ह्या मुलांना बसतील अशा पिशव्या तेव्हा आम्हाला मिळत नव्हत्या. पोटावरचं ते भोक म्हणजे ओलं, लालभडक आतडंच बाहेर काढून शिवलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. तुम्हीही फिरवाल. फिरवा, चालेल. दुसऱ्यांदा बघायचं, एवढंच. त्याला दुखत नाही, तिथे शिरा आहेत पण दुखण्याची जाणीव नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आजूबाजूची कातडी मात्र शीने सोलवटते, ती कोरडी ठेवायची.

हे मला शिकवलं भारतीने. ती अर्नाळ्याची, मासे सुकवणाऱ्या घरातली. तिची पिंकी शेजारच्या खाटेवर होती. तोच रोग, पण जास्त आतड्यात. मी कापड कसंबसं गुंडाळत होते तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगं बाय, हे काय बांधलंस? पोराला गळफास?” आणि तिने दोन पट्ट्यांनी असं बांधून दाखवलं की पोर कितीही वळवळलं तरी सुटेना. आम्ही वसई तालुक्यातल्या दोघीच होतो वॉर्डात. तेवढ्यावर आमची बहिणी-बहिणींसारखी भांडणं सुरू झाली.

दिवस सगळे सारखे. उजाडायच्या आत आयाबाई ओरडत यायची, खाटांखाली झोपलेल्या आया उठायच्या. मग डॉक्टरांचा राउंड. मोठे डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारायचे: झाली? कुणाचं झाल्याचं ऐकलं की सगळा वॉर्ड खूश. खिडकीच्या गजांवर वाळणारे लंगोट, फिनेलचा वास, कुठल्यातरी पाळण्यावर ‘तोंडाने काही देऊ नये’ची पाटी, आणि त्या पाटीखाली भुकेने रडणारं पोर. मूल भुकेलेलं असताना आपल्या छातीत दूध भरून येतं, आणि ते संडासात जाऊन पिळून टाकावं लागतं. याच्याइतकं वाईट मला त्या सगळ्या काळात काही वाटलं नाही.

वर्षभराने मोठ्या शस्त्रक्रियेला आम्ही परत आलो तेव्हा मी आधी भारतीची खाट शोधली. तिथे दुसरंच कोणी होतं. आयाबाईने माझ्याकडे न बघता सांगितलं, “ती पोरगी गेली.” घरी ताप आला होता, पोट फुगलं होतं, घाण वासाची पातळ शी लागली होती. दात येत असतील म्हणून घरच्यांनी एक दिवस वाट पाहिली. इथे आणेपर्यंत सगळ्या अंगात विष पसरलं होतं.

तुम्हाला हातापाया पडून सांगते, भोक असो वा नसो, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, अशा मुलाचं पोट फुगलं, ताप आला, घाण वासाची पातळ शी झाली, तर घरी थांबू नका. कुणाला विचारत बसू नका. उचला आणि निघा. भारतीने मला पट्टी बांधायला शिकवली. तिला हे कोणी सांगितलं असतं तर!

झाली?

मोठी शस्त्रक्रिया पार पडली. नंतर काही आठवड्यांनी पोटावरचं भोकही बंद केलं. आता शी यायला खालचा एकच रस्ता होता. तो उघडला की नाही, हे फक्त ओंकारच सांगणार होता.

पहिला दिवस कुणी विचारलं नाही. पुढच्या दिवशी राउंडला विचारलं, “झाली?” नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पोट थोडं वर आलं. मी बोटाने टकटक करून बघायचे, मग माझाच हात झटकायचे. मीनल डॉक्टर आता शिकून मोठ्या झाल्या होत्या, त्या म्हणाल्या, “सूज असते, वेळ लागतो. उद्या सकाळपर्यंत नाही झाली तर नळी घालून बघू.” नळी! म्हणजे पुन्हा बाहेरून काढायची. एवढं कापून, जोडून, पुन्हा तिथेच? मी संडासात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला अजित आला. कामावरून सरळ, कडक इस्त्रीचा शर्ट. काही न विचारता त्याने ओंकारला उचललं आणि वरांड्यात फेऱ्या मारायला लागला. ओंकार सव्वा वर्षाचा, बापाची कॉलर घट्ट धरून बसलेला. मी दूध पाजायची वाटी धूत होते. एवढ्यात अजितची हाक आली, “सुनीता! अगं ये, लवकर ये!”

टाके उसवले, हेच माझ्या मनात आलं. वाटी तिथेच टाकून धावले. ओंकारचं तोंड लालबुंद, भुवया एकत्र आलेल्या, कुठेतरी लांब बघतोय. कण्हत नव्हता. जोर करत होता. मी आयुष्यात त्याला जोर करताना पाहिलं नव्हतं. मग त्याच्या कपाळावरची आठी गेली, अंग सैल पडलं, आणि अजितच्या शर्टावरून, पँटवरून, थेट बुटापर्यंत ओघळ आला.

कुणीही काही लावलं नव्हतं. नळी नाही, देठ नाही, बोट नाही.

“झाली!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की आयाबाई झाडू घेऊन धावत आली. वॉर्डातल्या सगळ्या आया जमल्या. कुणी त्याच्या गालाचे मुके घेतले, कुणी नुसतीच बघत राहिली. मीनल डॉक्टरांनी लंगोट उघडून पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “सैल पडतंय. निरोप पोचतोय.” त्यांचेही डोळे भरले होते, उगाच कशाला लपवा.

अजित तसाच जिना उतरला. मी ओंकारला आयाबाईकडे देऊन त्याच्या मागे गेले. खाली फोनचं बूथ होतं. रांगेतल्या लोकांनी वासाने आपोआप वाट करून दिली. त्याने फिलोमिनाबाईंचा नंबर फिरवला. म्हणाला, “आईला बोलवा.” मग बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. वाडीतून त्यांच्या घरापर्यंत यायला सासूबाईंना वेळ लागायचा, गुडघे दुखायचे त्यांचे.

त्या आल्या असाव्यात, कारण अजितने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. वर्ष उलटून गेलं होतं त्याला आईशी बोलून. तो म्हणाला, “आई, तो हगला गं. आपला आपन.” त्याची ती घरची बोली मी लग्नानंतर इतक्या वर्षांत फ्लॅटमध्ये एकदाही ऐकली नव्हती.

पलीकडून त्या काहीतरी बोलल्या. अजितने ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी घाबरून रिसीव्हर कानाला लावला. त्यांना वाटत होतं अजून तोच ऐकतोय. धापा टाकत त्या तेच पुन्हा विचारत होत्या.

“अरे अजित, बोल ना. जेवलास का?”

“आई, मी बोलतेय,” मी म्हटलं. “नाही जेवला तो. उद्या तुम्हीच डबा घेऊन या.”